दोन पेट्या, पंधरा फुटांवर

(दृश्य: घरामागचं गवताळ आवार. खांबावर एक लाकडी पेटी. छपरावर नर ब्लूबर्ड.)

पाठ गडद निळी, छाती विटकरी, पोट पांढरं. हा ईस्टर्न ब्लूबर्ड. अमेरिकेतल्या मिसुरी आणि न्यूयॉर्क या राज्यांचा हा राज्यपक्षी. चोचीत गवताची काडी धरून तो पेटीत शिरतो, बाहेर येतो, पंख थरथरवतो, पुन्हा आत जातो. घरटं तो बांधणार नाही, ते काम मादीचं. जागा तिच्या पसंतीला उतरावी म्हणून त्याची ही सगळी धडपड.

(दृश्य: वरून झेपावणारा पक्षी, संथ गतीत.)

आणि हा ट्री स्वॅलो. आपल्या भिंगरीच्या कुळातला. पाठीवर निळसर हिरवी झळाळी, खालून दुधासारखा पांढरा. तो दक्षिणेकडून परतलाय आणि त्यालाही नेमकी हीच पेटी हवी आहे. ब्लूबर्ड अंग चोरतो, उडून जातो, परत येतो. की लगेच दुसरी झेप.

दोघांची अडचण एकच आहे. दोघांनाही ढोलीत घरटं लागतं, पण ढोली कोरता मात्र दोघांनाही येत नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेली पोकळी नाहीतर कुजलेल्या खोडातलं भोक, यावरच त्यांचा संसार. वाळलेली झाडं माणसाने तोडली. शेतांच्या कुंपणाचे जुने लाकडी खांब काढून त्या जागी लोखंडी रोवले. त्यात दोन पाहुणे आले. १८५१ साली ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणलेल्या घरचिमण्या सोडल्या गेल्या, आणि १८९० व १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शंभरेक स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातले. दोन्ही पक्षी पोकळीतच घरटं करणारे आणि दोन्ही दांडगे. ही चिमणी म्हणजे आपण ओळखतो तीच. तिकडे मात्र ती परकी आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रस्त्याकडेला खांबांवर पेट्यांची रांग.)

इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावचे थॉमस मसलमन यांनी १९३४ साली रस्त्यांच्या कडेने ब्लूबर्डसाठी पेट्या लावायला सुरुवात केली. पेट्यांच्या अशा रांगेला 'ब्लूबर्ड ट्रेल' हे नाव तेव्हापासून रुळलं. पुढे लॉरेन्स झेलेनी यांनी हे काम देशभर नेलं. १९७८ साली नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने.

पेटीचं भोक दीड इंचाचं. एवढ्यात ब्लूबर्ड आरामात जातो आणि स्टार्लिंग बाहेर राहतो. बसायला दांडी लावायची नाही, ब्लूबर्डला ती लागत नाही आणि चिमणीची मात्र सोय होते. वर हवेसाठी फटी, तळाला पाणी निथळायला भोकं, आणि एक बाजू उघडता येणारी.

(दृश्य: पेटीचा पुढचा फळा, आतल्या बाजूने. करवतीने पाडलेल्या आडव्या खाचा.)

या खाचा पाहून ठेवा. स्वॅलोचे पाय अगदी आखूड. भोकापर्यंत चढायला त्याच्या पिल्लांना या खाचांचा आधार होतो.

म्हणजे पेटी ब्लूबर्डच्या नावाची असली तरी बनवणाऱ्याने स्वॅलोचाही विचार केलाय. सगळेच तो करत नाहीत. ब्लूबर्डच्या पेटीत स्वॅलो शिरला की त्याला उपरा समजून घरटं उपसून फेकणारी माणसं आहेत. हे चूक आहे, आणि अंडी असलेलं घरटं फेकणं तर बेकायदाही आहे. स्वॅलो तिथलाच, ब्लूबर्डइतकाच हक्काचा. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने दोघांनाही सारखंच संरक्षण आहे. भांडण पेटीवरून आहे ना? मग आणखी एक पेटी लावा.

(दृश्य: वरून घेतलेलं आवार. एकाच्या जागी आता दोन पेट्या. मोजपट्टी उलगडत जाते.)

पंधरा ते वीस फूट. अंतर एवढंच, आणि सगळी युक्ती या अंतरात आहे. स्वॅलोची जोडी आपल्या पेटीच्या आसपास दुसऱ्या स्वॅलो जोडीला फिरकू देत नाही. ब्लूबर्डचंही तसंच. तो दुसऱ्या ब्लूबर्डला फार लांबूनच हाकलतो, थेट शंभर यार्डांवरून. पण परजातीचा शेजारी दोघांनाही चालतो. मग होतं काय, की एक पेटी स्वॅलोने धरली की तोच दुसऱ्या पेटीवरून बाकीच्या स्वॅलोंना पिटाळतो. ती मोकळी राहते ब्लूबर्डसाठी. आता दोन्ही पेट्या चाळीस-पन्नास फुटांवर नेल्या तर? मग पहिल्या स्वॅलोचा दरारा तिथवर पोचत नाही. दुसरी स्वॅलो जोडी येते आणि दोन्ही पेट्या स्वॅलोंच्याच होतात. म्हणून जोडी जवळजवळ लावायची, आणि पुढची जोडी शंभर यार्ड सोडून.

(दृश्य: एकाच चौकटीत दोन्ही पेट्या. डावीकडे ब्लूबर्ड, उजवीकडे स्वॅलो.)

खाण्यावरून त्यांच्यात वाद व्हायचं कारणच नाही. ब्लूबर्ड तारेवर किंवा फांदीवर बसून जमिनीकडे डोळा लावतो. ६० फुटांवरचा नाकतोडा त्याला दिसतो. तो खाली उतरतो, उचलतो, परत वर. स्वॅलोचं सगळं आकाशात, उडते किडे उडता उडता टिपायचे. आवार एकच, ताटं वेगळी.

(दृश्य: हवेत तरंगणारं पांढरं पीस. स्वॅलो ते झेलतो, सोडतो, पुन्हा झेलतो.)

हे चित्रण आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय. स्वॅलो घरट्याला आतून पिसांचं अस्तर लावतात, आणि पांढऱ्या पिसांसाठी तर जिवाचं रान करतात. ही हौस नाही. पिसांच्या उबेत पिल्लं लवकर वाढतात.

पेटी उघडण्याआधी एकदा टकटक करायची, मग हळूच फळा सरकवायचा. आत नीटस गवताची किंवा पाइनच्या सुयांची वाटी आणि फिकट निळी अंडी असली तर ती ब्लूबर्डची. बहुधा चार-पाच. गवतावर पिसं आणि शुभ्र अंडी, तर स्वॅलो. तळाला हिरवं शेवाळ, वर प्राण्यांच्या केसांची गादी, पांढऱ्या अंड्यांवर तांबूस ठिपके, तर ती चिकडी. एवढासा पक्षी, पण या चौकटीत सर्वांत सुंदर घरटं त्याचंच. त्याच्यासाठी झाडांच्या कडेला तिसरी पेटी लावा. भोक एक इंच एक सूत, बस. त्यातून चिमणीही आत जाऊ शकत नाही.

(दृश्य: काड्यांनी गच्च भरलेली पेटी. मग काटक्या ओढून नेणारा नर.)

आणि हा हाउस रेन. हा नर एकामागून एक पेट्या काटक्यांनी भरून ठेवतो. मादी त्यातली एखादी निवडते, बाकीच्या अडून राहतात. शेजाऱ्यांची अंडीही तो फोडतो. त्याला झुडपांचा आडोसा प्रिय, म्हणून ब्लूबर्ड-स्वॅलोची जोडी मोकळ्या गवतात, झुडपांपासून लांब लावायची. घरचिमणी मोकळ्यावरही येते. बसलेल्या ब्लूबर्डला पेटीतच मारून टाकण्यापर्यंत तिची मजल जाते. तिला त्या कायद्याचं संरक्षण नाही, तिचं घरटं काढता येतं आणि काढावं. खांबाला पत्र्याची नळी बसवली की साप आणि रॅकून यांनाही आळा बसतो.

(दृश्य: चोचीत अळी घेऊन येणारी मादी. भोकातून डोकावणाऱ्या पिवळ्या चोची.)

ब्लूबर्डची अंडी दोन आठवड्यांत उबतात. त्यानंतर पिल्लं अडीच आठवड्यांच्या आसपास पेटीत असतात. बारा-तेरा दिवसांची झाली की पेटी उघडायची नाही, घाबरून ती वेळेआधीच बाहेर उडी घेतात.

(दृश्य: पहिली झेप. निवेदन थांबतं.)

१९६६ पासून उत्तर अमेरिकेत पक्ष्यांची वार्षिक गणना होते. तेव्हापासून ईस्टर्न ब्लूबर्ड वाढलेत, आणि त्यात या पेट्यांचा वाटा मोठा आहे.

(दृश्य: रिकामी पेटी. हातमोज्यातला हात जुनं घरटं काढतो.)

स्वॅलो सहसा एकच वीण करून दक्षिणेकडे निघतात. ब्लूबर्ड त्याच हंगामात दुसरी वीणही करतो, कधी तिसरीही. म्हणून पिल्लं उडाली की पेटी साफ करून ठेवायची. दोन्ही पेट्या स्वॅलोंनीच घेतल्या असतील, तर पुढच्या वर्षी त्या पाच-सात फूट जवळ आणायच्या. हे काम मात्र हिवाळ्यातच उरकायला हवं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नर जागा हेरायला लागतात.