वीज बंद केल्यानंतरची मिनिटे

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फाउंड्रींमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, वाळूच्या मिक्सरपासून धूळ ओढणाऱ्या ब्लोअरपर्यंत अनेक मोटरींचा वेग आता ड्राइव्ह, म्हणजे मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलणारे उपकरण, ठरवतो. अशाच एका ब्लोअरसाठी बसवल्या जाणाऱ्या २२ किलोवॅटच्या ड्राइव्हचे उदाहरण घेऊ.

जागा निवडण्यापासूनच सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो. पूर्ण भारावर साधारण ३ टक्के वीज ड्राइव्हमध्येच उष्णता होऊन जाते, म्हणजे सहाशे वॉटहून अधिक उष्णता पॅनेलमधून, म्हणजे ड्राइव्ह ठेवलेल्या पेटीतून, सतत बाहेर काढावी लागते. म्हणून ड्राइव्ह उभाच, धातूच्या प्लेटवर बसवावा आणि वर-खाली पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा, बहुधा १०० मिलिमीटर किंवा अधिक, सोडावी. फाउंड्रीत यापेक्षाही मोठा शत्रू धूळ आहे. शॉट ब्लास्टिंगमधून, म्हणजे धातूच्या छर्‍यांच्या माऱ्याने ओतीव भाग साफ करताना, उडणारे लोखंडाचे बारीक कण वीजवाहक असतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात ते सर्किटवर चिकटून बसले की टर्मिनलांमध्ये, म्हणजे तारा जोडण्याच्या जागांमध्ये, ठिणगी पडायला वेळ लागत नाही. येथे किमान आयपी ५४ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारे, पॅनेल हवे आणि पंख्याच्या जाळ्या नियमित साफ व्हायला हव्यात. पॅनेलला भोके पाडताना ड्राइव्ह झाकून ठेवावा, कारण आत पडलेला किसही तेवढाच घातक ठरतो.

आता वायरिंग. पुरवठ्याच्या तीन तारा आर, एस, टी या टर्मिनलांना आणि मोटरच्या तारा यू, व्ही, डब्ल्यू यांना जोडल्या जातात. ही अदलाबदल झाली, तर वीज देताच ड्राइव्ह निकामी होऊ शकतो. मोटरकडे जाणारी केबल शील्ड (धातूचे आवरण) असलेली घ्यावी, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करावी आणि नियंत्रणाच्या तारा तिच्यापासून दूर न्याव्यात. ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ड्राइव्हमधून अर्थकडे वाहणारा गळती प्रवाह ३.५ मिलिअँपिअरपेक्षा अधिक असू शकतो. अर्थची तार सुटली, तर तोच प्रवाह पॅनेलला हात लावणाऱ्या माणसातून वाहू लागतो. म्हणूनच किमान १० चौरस मिलिमीटर तांब्याची तार किंवा स्वतंत्र टर्मिनलवर दुसरी अर्थतार जोडण्याची अट आंतरराष्ट्रीय मानकात आहे. केबलच्या खर्चात काटकसर करणाऱ्यांनी ही दुसरी तार तरी वगळू नये.

इन्सुलेशन तपासताना मेगर, म्हणजे उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारे यंत्र, लावण्याआधी मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवावी, नाहीतर मेगरचा विद्युतदाब आतील इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. मोटर उलट फिरत असेल, तर पुरवठ्याच्या तारा बदलून काही होत नाही. बदल मोटरच्या बाजूच्या दोन तारांमध्ये करावा लागतो.

सर्वांत जास्त सावधगिरी लागते ती दुरुस्तीच्या वेळी. ४१५ व्होल्टचा पुरवठा आत आल्यावर त्याचे डीसी होते आणि सुमारे ५८५ व्होल्टचा दाब कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकात, साठतो. मुख्य स्विच बंद झाला, डिस्प्ले काळा पडला, तरी हा दाब लगेच उतरत नाही. स्विचला कुलूप लावून, ड्राइव्हवर छापलेली वेळ, अनेकदा ५ ते १५ मिनिटे, थांबायचे आणि मग डीसीच्या दोन टर्मिनलांवर योग्य क्षमतेच्या मल्टिमीटरने दाब मोजूनच हात घालायचा. आपत्कालीन बटण दाबल्याने मोटर थांबते, पण आतली वीज जातेच असे नाही.

थांबण्याची ही वेळ आणि मोजण्याची सूचना पॅनेलच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत आणि हिंदीत, ठळक रंगवून घ्यावी. बिघाड रात्रपाळीतही होतो, तेव्हा भट्टीत लोखंड वितळलेले असते आणि ब्लोअर आत्ताच सुरू करा, असे प्रत्येक जण वायरमनला सांगत असतो.