नखाएवढ्या पाहुण्याचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी मार्चमध्ये भाच्याचा फोन आला. हा भाचा बेळगावात टिळकवाडीला खोली घेऊन शिकतो. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, अथणीला असते आणि मी खानापुरात. तो म्हणाला, "मामा, आठ दिवस झाले, कोळी काही खाईनासा झालाय." मी म्हटलं, कसला कोळी? तर टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी! तीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं, पण टॅरंटुला पाळणारा माणूस आपल्याच घरात निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. टेबलावर काचेची मोठी पेटी होती. तिच्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड, वर तापणारा दिवा असा सगळा थाट होता. कोळी मात्र कुठं दिसेना. अर्धा तास शोधल्यावर खड्यांच्या फटीत अंगठ्याच्या नखाएवढं, करड्या रंगाचं पिल्लू सापडलं. ते चिली देशातलं, 'चिली रोज' म्हणतात त्या जातीचं. बंदिवासात जन्मलेलं. त्याचे कागद आधी मागून बघितले, मगच पुढचं बोललो.

एवढ्याशा जिवाला एवढा वाडा कशाला? खाऊ कुठं आहे ते त्याला सापडत नाही, आणि ते जिवंत आहे की नाही ते आपल्याला कळत नाही. पिल्लाच्या पायांच्या पसाऱ्याच्या तीन-चार पट रुंद पारदर्शक डबी पुरते. आम्ही चटणीची डबी घेतली. सुई तापवून बाजूंना भोकं पाडली. समोरासमोर पाडली की हवा आरपार खेळते. भोक मात्र पिल्लाच्या डोक्या-छातीच्या कवचापेक्षा बारीक हवं. पोट मऊ असतं, ते दबतं, त्यामुळं जिथून कवच जातं तिथून अख्खा कोळी जातो.

तळाला कोकोपीट, म्हणजे रोपवाटिकेत मिळतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात खत मिसळलेलं नको. भिजवून घट्ट पिळायचा आणि दाबून दाबून डबीच्या निम्म्याहून वर भरायचा. भुश्यापासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवायची नाही. जमिनीवर राहणारा टॅरंटुला काचेवर चढतो आणि पडतो. त्याचं पोट पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं, फुटलं की संपलंच. झाडावर राहणाऱ्या जातींना उलट उभी डबी आणि आत सालीचा उभा तुकडा लागतो. भुश्यात पेन्सिलीनं तिरकं भोक पाडून ठेवलं, वर सालीचा कपचा ठेवला, की पिल्लू रात्रीत आपलं घर धरतं. आमच्यानं तर तिसऱ्या दिवशी आतून माती लोटून दारच बंद केलं. भाचा चमचा घेऊन उकरायला निघाला होता, त्याचा हात धरला.

आता खाण्याचं. त्याच्याकडं पिल्लाहून मोठे रातकिडे होते. त्यांना बघूनच ते फटीत दडून बसलेलं! भक्ष्य पिल्लाच्या पोटाएवढं किंवा त्याहून लहान हवं. नुकतंच जन्मलेलं रातकिड्याचं पिल्लू चालतं, पिकल्या केळ्यावरची चिलटंही चालतात. तेही नसेल तर मिलवर्मचा, म्हणजे पिठातल्या पिवळ्या अळीचा, तुकडा कापून बिळाच्या तोंडाशी ठेवायचा. लहान पिल्लं मेलेलंही खातात, हे अनेकांना माहीत नसतं. चार ते सात दिवसांतून एकदा द्यायचं. पोट टम्म दिसलं तर आणखी लांबवायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी चिमट्यानं काढायचं, नाहीतर बुरशी आणि बारीक किडे आलेच.

शेतातले नाकतोडे धरून घालू नका. आपल्याकडं भाजीवर आणि उसावर काय काय फवारतात ते मी सांगायला नको. आणि निपाणी-चिकोडीकडच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगतो, तंबाखू मळलेला हात डबीत घालू नका. तंबाखूतलं निकोटिन हे पूर्वापार कीटकनाशक म्हणूनच वापरलेलं. डासांची अगरबत्ती आणि झुरळांचा फवारा त्या खोलीत नकोच.

पण त्या मार्चमध्ये ते खात नव्हतं याचं कारण रातकिडे एवढंच नव्हतं. पोट काळसर, चकचकीत झालं होतं. म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली होती. अशा वेळी कोळी खात नाही आणि त्याला देऊही नये. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी चूक माझ्याच हातून झाली. दार उघडलेलं दिसलं म्हणून मी एक बारीक रातकिडा आत सोडला आणि खानापूरची गाडी धरली. त्याच रात्री पिल्लू उताणं पडून कात टाकत होतं. अशा वेळी ते लोण्याइतकं मऊ असतं. रातकिड्यानं त्याचा एक पाय कुरतडला. सकाळी भाच्याचा फोन, "मामा, मेला बघा." मेलं नव्हतं, खरं आठाचे सात पाय झाले होते.

म्हणून ही खूण पक्की धरा. कोळी उताणा पडलेला दिसला तर तो मेलेला नसतो, कात टाकत असतो. हात लावू नका, फुंकर मारू नका, पाणीही शिंपडू नका. त्याउलट सरळ बसलेल्या कोळ्याचे पाय मुठीसारखे पोटाखाली वळले असतील तर मात्र घाबरा. कोळ्याला पाय लांब करायला आपल्यासारखे स्नायू पुरेसे नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब देऊन तो पाय सरळ करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो तसा. अंगातलं पाणी घटलं की दाब जातो आणि पाय आत मिटतात. लगेच त्याचं तोंड पाण्याच्या थेंबाशी टेकवा. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाले की खाऊ द्या. पिल्लाला आठवडाभर लागतो, मोठ्याला जास्त.

एप्रिलमध्ये सुट्टी लागली आणि डबी अथणीला गेली. आता अथणी म्हणजे चाळिशीला टेकणारा पारा आणि कोरडा वारा. बहिणीचा फोन, "दादा, हे काय घेऊन आलाय हा! खरं बाहेर आलं तर?" तिला म्हटलं, बाहेर येणार नाही, तू फक्त डबी मधल्या खोलीत खाली, माठाशेजारी ठेव. माठाजवळचा गारवा उन्हाळ्यात पुरतो. आत बाटलीचं टोपण पाण्यानं भरून ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा एकाच कोपऱ्यातला भुसा ओला करायचा. टोपणात स्पंज घालायची एक जुनी रीत आहे. काही उपयोग नाही, घाण साठते.

जूनमध्ये डबी माझ्याकडं आली. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जुलैत आमच्याकडं चपलेला बुरशी येते. चिली रोज ही कोरड्या मुलखातली जात. इथं पाणी शिंपडणं बंदच केलं, फक्त टोपण भरून ठेवलं आणि भोकं वाढवली. भाच्याकडं याआधी एक पिल्लू होतं. ते असंच रोज फवारा मारून, कोंदट डबीत गेलं होतं, हे त्यानं मला तेव्हा कबूल केलं. विकणाऱ्यानं त्याला 'रोज दोनदा फवारा' असं सांगितलेलं. तोच सल्ला एप्रिलच्या अथणीला आणि जुलैच्या जांबोटीला कसा चालेल? पुस्तकातला आकडा बघायच्या आधी आपलं अंगण बघावं.

जांबोटी म्हटल्यावर आठवलं. काही पोरं मला विचारतात, सर, आपल्या रानातलाच धरून आणला तर? पश्चिम घाटातल्या रस्त्याकडेच्या दरडींत बिळं करून राहणारे थ्रिग्मोपियस नावाचे टॅरंटुला आहेत. झाडांच्या ढोलीत राहणारे पोसिलोथेरिया आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये यांतल्या कित्येकांचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यांना तिथंच राहू द्या. पोसिलोथेरिया तर २०१९ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मेक्सिकोची लाल गुडघ्याची जातही त्याच यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाल्यापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. विकत घेण्याआधी कागद मागा, नसतील तर उठून चालू लागा.

चावण्याबद्दल थोडं. टॅरंटुलाच्या विषाचा जेवढा गवगवा आहे तेवढं ते घातक नाही, पण पोसिलोथेरियाच्या दंशानं स्नायूंत पेटके येतात आणि ते कधी कधी दिवसेंदिवस टिकतात. अमेरिका खंडातले बहुतेक टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस पायांनी उडवतात. ते डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून डबीवर तोंड आणून बघू नका. हातावर घ्यायचा प्रश्नच नाही. त्याला त्यात आनंद नसतो, आणि पडला तर काय होतं ते मघाशी सांगितलंच.

गणपतीच्या दिवसांत भाचा डबी न्यायला आला, तर ऐन त्याच रात्री पिल्लानं पुन्हा कात टाकली. डॉल्बीच्या आवाजात बेळगावात ती नीट टाकता आली असती का, कोण जाणे. कोळी आवाज ऐकतो तो पायांवरच्या केसांनी, हादरे पकडून. डबी आणखी पंधरा दिवस इथंच राहिली. आणि बघतो तर गेलेल्या जागी पाय फुटला होता, बाकीच्यांपेक्षा बारीक आणि फिका, पण आठवा!

ती कात मी काडेपेटीत जपून ठेवली आहे. कोळी जरा मोठा झाला की कातीच्या पोटाच्या आतल्या बाजूला भिंगातून बघून नर की मादी ते ओळखता येतं. मादी निघाली तर वीस वर्षंही जगेल, म्हणजे भाच्याच्या लग्नानंतरही डबी घरात असणार. नर निघाला तर वयात आल्यावर फार दिवस नाहीत. आमची कात अजून फार लहान आहे, तिच्यात काही दिसत नाही. त्यामुळं नाव ठेवायचं राहिलंय. बहीण अथणीहून दर रविवारी फोन करते आणि भाच्याच्याही आधी विचारते, "ते जेवलं काय?"