हिंदी न येणारा हिंदी दिग्दर्शक

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरून मूकपटांविषयी बोलायचं म्हणजे गंमतच. तिथे आवाज नाही, इथे चित्र नाही. तरी जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेनची गोष्ट सांगायलाच हवी.

हा म्युनिकचा. जन्म १८७६चा, मूळ आडनाव ओस्टरमायर. भाऊ पीटरबरोबर आधी फिरता सिनेमा चालवला, मग म्युनिकच्या एमेल्का कंपनीत मूकपट केले. तिथेच त्याला आपले निर्माते-नट हिमांशू राय भेटले. बुद्धावर चित्रपट काढायचा, नट आणि पैसा आमचा, कॅमेरे आणि तंत्रज्ञ तुमचे, असा सौदा ठरला. १९२५ साली ओस्टेन मुंबईच्या धक्क्यावर उतरला. ‘प्रेम संन्यास’ त्याने स्टुडिओचे सेट आणि कृत्रिम दिवे न वापरता केला. जयपूरच्या महाराजांचे हत्ती आणि वर तळपणारं ऊन, बस्स! पुढे ‘शिराज’ आला, १९२९मध्ये ‘प्रपंच पाश’. त्यात दोन राजे एकाच मुलीवर जीव टाकतात आणि खोट्या फाशांनी डाव फिरतो. फासे टाकणारा कपटी राजा स्वतः हिमांशू राय! एक शब्द ऐकू येत नाही, पण कोण कुणाला फसवतंय ते नुसत्या नजरांवरून कळतं.

ही नजरच त्याला बोलपटात उपयोगी पडली असावी. कारण १९३४मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी राहिली, तिथे हा मुख्य दिग्दर्शक झाला, आणि हिंदी काही त्याला येत नव्हतं! ‘अछूत कन्या’ त्याचीच. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा. देविकाराणी आणि अशोककुमार. साल १९३६.

आता इथे जरा अडखळायला होतं. अस्पृश्यतेवर बोट ठेवणारा हा माणूस त्याच वर्षी नाझी पक्षाचा सभासद झाला. या दोन गोष्टींची सांगड मला आजवर घालता आलेली नाही.

१९३९मध्ये ‘कंगन’चं चित्रीकरण चालू असताना युद्ध पेटलं. जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो मायदेशी परतला. त्यानंतर दिग्दर्शन नाहीच. बाड आयब्लिंग या आरोग्यस्नानांच्या गावी त्याने तिथलं व्यवस्थापन पाहिलं. १९५६मध्ये गेला. त्याच्याबरोबर आलेला कॅमेरामन योसेफ विर्शिंग मात्र इथेच राहिला. ‘महल’ त्याने टिपला, आणि ‘पाकिजा’चं बरंचसं चित्रीकरणही त्याचंच.