दोन डॉलर परत देणारा डॉन

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या गृहस्थांची ओळख करून देणार आहे, ते धंद्यानं गुंड आहेत. जुगार, खंडणी, चोरीचा माल, कशालाच ना नाही. पण बोलणं ऐकाल तर शांत, अदबीचं, एकेक शब्द तोलून. आवाज म्हणून चढायचा नाही. नाव अँथनी डी'अमिको, पण सगळं गाव त्यांना फॅट टोनी म्हणतं. मुक्काम पोस्ट स्प्रिंगफील्ड, अमेरिका. अमेरिकेच्या नकाशात या नावाची गावं पुष्कळ सापडतील, हे त्यातलं एकही नाही. हे आहे मॅट ग्रोनिंग यांच्या 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतलं गाव.

मालिका सुरू झाली १९८९ च्या डिसेंबरात आणि अजून चालू आहे. होमर हा बाप, मार्ज ही आई, बार्ट नावाचं दहा वर्षांचं कार्टं, शहाणी लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली मॅगी. केबलवर इंग्रजी वाहिन्या आल्या त्या काळात ज्यांच्या घरचा रिमोट मुलांच्या हाती होता, त्यांना ही पिवळ्या रंगाची माणसं चांगली माहीत आहेत. बाकीचे म्हणतात, कार्टून ना, पोरांचं असतं ते. अहो, पोरांना यातलं निम्मंही कळत नाही! आपल्याकडे चित्रात काढलेली गोष्ट दिसली की लगेच ती बालविभागात ढकलायची खोड आहे. असो.

टोनीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, मी ती पुन्हा सांगणार आहे. माणूस गुन्हेगार, पण हिशोब चोख. १९९५ सालच्या एका भागात क्रस्टी नावाचा विदूषक जुगारात हरतो आणि टोनीची टोळी त्याच्या जिवावर उठते. नेमका त्याच वेळी आपला होमर क्रस्टीचा वेश करून गावभर हिंडत असतो, त्यामुळे धरला जातो तो. धावाधाव होते, त्या टोळीच्या मोठ्या डॉनसमोर चिमुकल्या सायकलीवरची कसरत करून दाखवावी लागते, आणि एवढं सगळं झाल्यावर कळतं की देणं होतं अठ्ठेचाळीस डॉलर. क्रस्टी पन्नास काढून देतो. आणि टोळी त्याला दोन डॉलर परत देते! एका माणसाला मारायला निघालेले लोक, पण वरचे दोन डॉलर ठेवून घेत नाहीत. आमच्याकडच्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं दोन रुपयांच्या बदल्यात चिकट गोळ्या हातावर टेकवल्या. यूपीआय आलं म्हणून ते थांबलं, नाहीतर त्या गोळ्यांनी आमचे उरलेले दातही नेले असते.

आता माझा आवडता किस्सा. फॅट टोनी पहिल्यांदा दिसला तो भाग, १० ऑक्टोबर १९९१ चा. लेखक जॉन स्वार्टझवेल्डर.

बार्टचा दिवस सकाळपासूनच वाईट. गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला. म्हणजे खरोखरच खाल्ला, थाप नव्हे. शाळेची बस चुकली. वर्गाची सहल चॉकलेटच्या कारखान्यात चाललीय आणि पालकांच्या सहीचा कागद यानं आणलेला नाही. मुख्याध्यापक स्किनर साहेब म्हणाले, तू मागे थांब आणि पाकिटं चाटून चिकटव. संध्याकाळी जिभेचा पार कोरडा गोळा घेऊन पोरगं स्केटबोर्डवरून घरी निघालं, तोल गेला, आणि गडगडत गेलं ते एका तळघराच्या पायऱ्यांवरून थेट खाली. दारावरच्या पाटीचा अर्थ असा, की 'सचोटीच्या व्यापाऱ्यांचं मंडळ'. आत टोनी आणि त्याची माणसं, हातात पिस्तुलं.

बार्ट काही घाबरला नाही. त्याला विचारलं, तिसऱ्या शर्यतीत कुठला घोडा येईल सांग. तो उर्मटपणे म्हणाला, माझी चड्डी खा. रेडिओवर हे वाक्य म्हणायला मला थोडं अवघड जातंय, पण त्याचं ते ठरलेलं वाक्य आहे. यादी बघतात तर त्याच नावाचा घोडा तिसऱ्या शर्यतीत उतरलेला! आणि तोच जिंकला. मग म्हणाले, आता एक मॅनहॅटन बनवून दाखव. मॅनहॅटन म्हणजे व्हिस्कीत गोड व्हर्मूथ घालून करायचं कॉकटेल. पोरानं ते असं काही जमवलं की टोनी खूश. लागली की हो नोकरी! दहा वर्षांचं पोरगं, अंगात छोटा सूट, भाई लोकांना पेले भरून देतंय.

एक दिवस चोरीच्या सिगारेटींचा अख्खा ट्रकभर माल बार्टच्या खोलीत येऊन पडतो. आता मात्र पोराला शंका येते. तो टोनीला विचारतो, आपण करतोय तो गुन्हा तर नाही ना? यावर टोनी रागावत नाही. मास्तरांनी गणित समजावून सांगावं तसा एकेक पायरीनं सांगतो. घरची माणसं उपाशी असतील तर एक पाव चोरणं वाईट का? नाही. कुटुंब फार मोठं असलं, तर पावांचा ट्रक चोरणं वाईट का? नाही. आणि त्या कुटुंबाला पाव आवडतच नसेल, सिगारेटी आवडत असतील तर? बार्ट म्हणतो, चालेल मग. आणि त्या फुकट वाटण्याऐवजी जवळजवळ फुकटच म्हणावं अशा भावात विकल्या तर? बार्ट ठासून सांगतो, छे, यात कसला गुन्हा!

बघा हं. पहिली पायरी बरोबर. दुसरी थोडी कलती, पण पाय ठरतो. तिसरीवर आपण हसतो आणि चौथीपर्यंत माल विकला गेलेला असतो. मी हा प्रसंग कितीदा पाहिलाय, दरवेळी माझी मान तिसऱ्या पायरीपर्यंत होकारार्थी हलतेच. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा ठराव मंजूर होतो तोही याच रीतीनं, पण तो विषय काढला तर कार्यक्रम पुरायचा नाही.

पुढे काय होतं? स्किनर साहेब बार्टला शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून थांबवून घेतात. नेमका त्याच दिवशी क्लबात बाहेरचा एक बडा डॉन पाहुणा आलेला. मॅनहॅटन करायला बार्ट नाही, दुसऱ्यानं केलेलं बिघडतं, पाहुणा चिडतो आणि टोनीची मान खाली जाते. टोनी विचारतो, उशीर का झाला? पोरगं सांगतं, मुख्याध्यापकांनी थांबवलं. टोनी म्हणतो, त्यांच्याशी आपण जरा बोलूया.

आणि ही मंडळी शाळेत जातात, स्किनर साहेबांच्या खोलीत. स्किनरना पिस्तुलाची, धमकीची, कशाचीच काळजी नाही. ते विचारतात, तुम्ही व्हरांड्यातल्या मॉनिटरांना चुकवून आत आलात कसे?

दुसऱ्या दिवशी स्किनर गायब.

गाव हादरतं. पोलीस शोध घेतात, बार्टला रात्री वाईट स्वप्नं पडतात, आणि शेवटी खटला उभा राहतो तो बार्टवर. टोनीची माणसं साक्षीला उभी राहून गंभीर चेहऱ्यानं सांगतात, आमचा खरा म्होरक्या हा पोरगाच. जन्मदाता बाप होमर साक्षीच्या पिंजऱ्यात येतो आणि हुंदके देत म्हणतो, खरंय, सगळं बरोबर जुळतंय! न्यायाधीश निकाल द्यायच्या बेतात असतात आणि दार उघडून आत येतात कोण? दाढी वाढलेले, कपडे मळलेले स्किनर साहेब.

कुठे होते? तर रद्दीखाली.

होय, रद्दीखाली! टोनी त्या दिवशी येऊन भेटून गेला तो गेलाच. स्किनर आपले घरी आले आणि साठलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायला बसले. थप्पी कोसळली, माणूस खाली अडकला. दिवसामागून दिवस तिथेच. आईनं भरून ठेवलेल्या मुरांब्याच्या बरण्या हाताशी होत्या, त्यावर जगले. एक हात मोकळा होता आणि शेजारी बास्केटबॉल पडला होता, तो आपटत राहिले. वेड लागू नये म्हणून रोज मोजायचे, आज चेंडू किती वेळा उडवला, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा विक्रम मोडायचा प्रयत्न करायचे. शाळामास्तर कुठेही अडकला तरी स्वतःला गृहपाठ देतो तो असा.

आता रद्दी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, महिन्याच्या महिन्याला द्या. भाव वाढेल म्हणून माळ्यावर साठवणारी मंडळी मला माहीत आहेत. भाव दोन-तीन रुपयांनी वाढतो, झुरळं मात्र दुप्पट होतात. आणि पुरवण्या आधी वेगळ्या काढा.

तर बार्ट सुटला. कोर्टातून बाहेर पडताना तो टोनीला म्हणतो, गुन्हेगारीत काही फायदा नाही हो. टोनी म्हणतो, खरंय तुझं. आणि ही सगळी मंडळी एकामागून एक लांबलचक लिमोझिनमध्ये बसून निघून जातात.

हे सचोटीच्या व्यापाऱ्यांचं मंडळ लेखकांनी हवेतून आणलेलं नाही. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर रॅव्हनाइट नावाचा असाच एक क्लब होता आणि माफियांच्या गँबिनो टोळीचा म्होरक्या जॉन गॉटी तिथे बसायचा. एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं, त्याचं बोलणं टिपायला वरच्या मजल्यावरच्या एका विधवा बाईंच्या घरात मायक्रोफोन लपवले. डिसेंबर १९९० मध्ये गॉटीला पकडलं, तेही त्याच क्लबात, म्हणजे आपला भाग दिसायच्या दहा महिने आधी. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, जोसेफ कोलंबो नावाच्या डॉननं तर कमालच केली. इटालियन लोकांची बदनामी होते म्हणून त्यानं एफबीआयच्या कचेरीबाहेर निदर्शनं केली. स्वतःचा धंदा काय सांगायचा? तर जमीन-घरांचे व्यवहार. असं खरंच घडलेलं असल्यावर कार्टूनवाल्यांना फार कष्ट पडत नाहीत.

आता आवाज. टोनीला आवाज दिलाय जो मॅन्टेनिया यांनी. आधी शेल्डन लेनर्ड या जुन्या नटाला विचारायचा बेत होता, ते जमलं नाही. मॅन्टेनिया शिकागोचे, रंगभूमीवरचे, १९८४ मध्ये टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवलेले. पुरस्काराचं नावही टोनी, बरं का. गॉडफादरच्या तिसऱ्या भागात त्यांनी जोई झाझा नावाचा गुंड केला होता, म्हणजे हे खातं त्यांच्या सवयीचंच. मी आवाजाच्या धंद्यातला, म्हणून सांगतो, घोगरा आवाज कोणीही काढेल. कठीण आहे ते घोगऱ्या आवाजात सौजन्य आणणं. मॅन्टेनियांचा टोनी धमकी देतो तेव्हा बँकेतला भला माणूस फॉर्म कुठे भरायचा ते समजावतोय असं वाटतं. आणि आमचे लोक कार्टून संपलं की नामावलीआधीच चॅनल बदलतात! आवाज कोणाचा, कोणाला पडलंय!

टोनीचा एक माणूस आहे लुई. त्याच्यावरून खरोखरच कोर्टकचेरी झाली. 'गुडफेलाज' चित्रपटात फ्रँकी कार्बोन हा गुंड करणारे नट फ्रँक सिव्हेरो यांनी २०१४ मध्ये मालिका काढणाऱ्या फॉक्स कंपनीवर दावा लावला, की लुई हा माझ्यावरून चोरलाय. मागणी पंचवीस कोटी डॉलरची! त्यांचं म्हणणं, १९८९ मध्ये मालिकेचे लेखक माझ्या शेजारी राहत होते. कोर्टानं दावा फेटाळला, अपिलातही तेच झालं. हे प्रकरण टोनीकडे नेलं असतं तर त्यानं पंचवीस कोटींचा आकडा कसा काढला ते आधी कागदावर मांडून मागितलं असतं. पुन्हा सांगतो, हिशोब चोख.

त्या गावातले सरकारी लोक पाहा म्हणजे टोनीची किंमत कळते. १९९८ च्या एका भागात तो शाळेला दूध पुरवतो, ते निघतं उंदराचं. महापौर क्विम्बी संतापतात. कशासाठी? तर टोनीनं कबूल केलं होतं की दूध कुत्र्याचं किंवा त्याहून वरच्या प्राण्याचं असेल.

२०१० मध्ये टोनी हृदयविकारानं वारला. काळजी करू नका. गादीवर चुलतभाऊ आला, व्यायाम केलेला, पिळदार. नाव फिट टोनी. धंद्याच्या ताणानं तो खात सुटला आणि काही दिवसांत इतका सुटला की गाव त्यालाही फॅट टोनीच म्हणू लागलं. पुढच्याच वर्षी त्यानं मार्जच्या बहिणीशी, सेल्माशी लग्नही केलं.

काचेपलीकडून हात दिसतोय, वेळ होत आली. टोनीच्या टोळीतला जॉनी टाइटलिप्स राहिलाच. हा तोंड उघडत नाही, कशाहीबद्दल. एकदा त्याला गोळी लागते. सोबती विचारतात, कुठे लागली? तो म्हणतो, मी काही सांगणार नाही. अरे, पण डॉक्टरांना काय सांगू? तर म्हणतो, त्यांना म्हणावं लिंबू चोखत बसा.

नमस्कार.