जिथे सम्राट उत्तरेकडे तोंड करायचा

मंडळी, निळ्या कौलांचं, तीन छपरांचं ते गोल लाकडी मंदिर तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. बीजिंगचं 'टेम्पल ऑफ हेवन'. आपला माणूस तिथे गेला की सवयीनं आधी गाभारा शोधतो. मूर्ती कुठेच नाही. चिनी नावातच उत्तर आहे: थ्येनथान. थ्येन म्हणजे आकाश, थान म्हणजे वेदी. 'मंदिर' हे आपण लावलेलं नाव.

मिंग सम्राट योंगलनं १४२० मध्ये हे संकुल पूर्ण केलं. खरी वेदी मात्र १५३० ची, जियाजिंग सम्राटाची. संगमरवरी, गोल, तीन टप्प्यांची, आणि वर छप्पर नाही. आकाशाची पूजा छपराखाली कशी करणार? वरच्या टप्प्याच्या मधोमध एक गोल दगड आहे. त्याच्याभोवती पहिल्या वर्तुळात ९ फरशा, मग १८, मग २७, असं करत नवव्या वर्तुळात ८१. विषम आकडे आकाशाचे, आणि त्यांत नऊ सर्वांत थोर. मी तिथे उकिडवा बसून पहिली तीन वर्तुळं मोजली. पुढे पर्यटकांचे पाय मध्ये यायला लागले.

आता कल्पना करा. दरबारात सम्राट नेहमी दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि बाकीचे सगळे उत्तरेकडे तोंड करून त्याच्यापुढे वाकत. उत्तरायणाच्या आरंभी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीनंतर, पहाटेच्या अंधारात हाच माणूस या वेदीवर उत्तरेकडे तोंड करून गुडघे टेकायचा. समोर आकाशदेवतेच्या नावाची पाटी, बस. त्याआधी तीन दिवस मांस नाही, मद्य नाही, गाणंबजावणं नाही. कारण साधं होतं: दुष्काळ पडला, पूर आला, की लोक म्हणणार, आकाशानं याच्यावरचा हात काढला. गादी त्या समजुतीवर उभी होती.

फोटोतली इमारत वेगळी, ती सुगीच्या प्रार्थनेची. उंची ३८ मीटर, आणि लाकडाला एकही खिळा नाही. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. आत २८ खांब: मधले चार ऋतूंचे, त्याबाहेरचे बारा महिन्यांचे, सर्वांत बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे (त्यांचा प्रहर दोन तासांचा). शेतकऱ्याचं पंचांगच लाकडात उभं केलंय म्हणा ना. छपरं आधी तीन रंगांची होती. १७५१ मध्ये च्येनलोंग सम्राटानं तिन्ही निळी करून टाकली. १८८९ मध्ये वीज पडून सगळं जळालं. आकाशाच्याच देवळावर वीज! दरबारात काय खळबळ उडाली असेल! आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा बांधलेलं.

आपल्याशी एक अवघडलेला धागाही आहे. १९०० मध्ये आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूनं आलेल्या हिंदी पलटणींनी याच आवारात तळ ठोकला होता. तिथली एक घंटा पुढे भारतात आली. आपल्या लष्करानं ती १९९५ मध्ये परत केली.

राजेशाही गेल्यावर १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईनं इथे पुन्हा पूजा केली आणि वर्षभरात स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. ते तीन महिनेसुद्धा टिकलं नाही. १९१८ पासून हे सार्वजनिक उद्यान आहे, आणि मधल्या त्या दगडावर उभं राहून फोटो काढायला रांग लागते.