सत्तरीतली काजूची भट्टी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार मित्र सावंतवाडीहून पहाटे निघालो आणि दोडामार्ग, डिचोली, साखळी असे करत वाळपईच्या पुढे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका काजूच्या बागेपाशी येऊन थांबलो. काजूच्या रसापासून गाळलेली गोव्याची दारू, म्हणजे फेणी, आम्ही सर्वांनीच चाखलेली होती. ती होताना मात्र एकानेही पाहिली नव्हती. गाडीतून उतरताच आंबूस-गोड वास आला आणि भट्टी कोठे आहे हे कोणाला विचारावे लागले नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड आज गोव्याच्या डोंगरउतारांवर इतके रुळले आहे, की ते परके वाटतच नाही. बागेत शिरल्यावर आमच्यातील एकाने फांदीवरच्या लालभडक बोंडूला, म्हणजे काजूच्या फळाला, हात घातला, तेव्हा तेथील मावशींनी त्याला थांबवले. फेणीसाठी बोंडू तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपणहून खाली पडलेलाच वेचतात, कारण कच्च्या बोंडूत साखर कमी आणि तुरटपणा जास्त असतो. मावशी बोंडू डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने बीला एकच पीळ देत होत्या. बी एका टोपलीत, बोंडू दुसऱ्या टोपलीत. आम्हांला मात्र प्रत्येक बीशी झटावे लागत होते.

खडकात कोरलेल्या उथळ, उतरत्या कुंडीला येथे कोळंबी म्हणतात. तीत बोंडू पायांनी तुडवले जातात, आणि वाहून आलेला रस आंबवायला जातो. उरलेल्या लगद्याची रास करून, ती वेलीने आवळून तिच्यावर दगडाचा भार ठेवला, की रात्रभर थेंबथेंब निथळतो तो नीरो. हा निवळ, गोड रस ताजाच प्यायचा असतो. अलीकडे बहुतेक ठिकाणी तुडवण्याऐवजी यंत्राने रस काढतात.

या रसात साखर, पाणी किंवा विरजण यांपैकी काहीही घातले जात नाही. बोंडूच्या सालीवर आणि हवेत असलेले किण्वच (यीस्ट) दोन-तीन दिवसांत रस आंबवते. पूर्वी त्यासाठी मातीची मोठी भांडी असत, आता पिंपे आहेत. भट्टीवाल्या काकांनी आम्हांला पिंपाला कान लावायला सांगितले. आत बारीक, अखंड फसफस चालू होती. ती थंडावली, की रस भट्टीवर चढवायचा.

आंबलेला रस ज्या तांब्याच्या भांड्यात उकळतात, ते भाण. त्याचे तोंड कापड आणि माती यांनी घट्ट लिंपलेले असते. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला लावणी म्हणतात. पूर्वी ही लावणी गार राहावी म्हणून तिच्यावर दिवसभर पाणी ओतत बसावे लागे. आता पाण्याच्या टाकीत बुडवलेली नागमोडी नळी ते काम करते. पहिल्या उकळीतून येतो तो हुर्राक, सुमारे पंधरा टक्के मद्यार्काचा, काजूच्या हंगामापुरताच मिळणारा. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भाणात चढवला, म्हणजे फेणी उतरते. तिच्यात मद्यार्क सुमारे ४२ ते ४५ टक्के असतो. जाळ जास्त झाला, तर रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि मालाला करपट वास लागतो. म्हणून काका बोलताना आमच्याकडे क्वचितच पाहत, त्यांची नजर चुलीवर असे. आमच्या मते फेणीचे खरे कसब याच नजरेत आहे. माडाच्या सुरेपासूनही गोव्यात फेणी करतात, विशेषतः दक्षिण भागात, पण तो वेगळा विषय आहे.

उतरलेली फेणी काकांनी बाटलीत घालून हलवली. काठाशी बारीक बुडबुड्यांची माळ उमटली आणि काही क्षण टिकून राहिली. हा फेस म्हणजेच ‘फेण’, आणि फेणीचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. तोवर कायद्याच्या लेखी ती देशी दारूच होती. इतक्या निगुतीने होणाऱ्या वस्तूला एवढा काळ थांबावे लागले, याचे आम्हांला वाईट वाटते.

संध्याकाळी दोडामार्गाकडून परतताना आमच्या सिंधुदुर्गातल्या बागा लागल्या. तीच झाडे, तीच लाल माती, तोच हंगाम. रस्त्याच्या कडेला बी काढून टाकलेल्या बोंडूंचा ढीग पडला होता, आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. आम्ही गाडी थांबवली आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.