चालू लिनक्स मशीन एका डिस्कवरून दोन डिस्कच्या आरशावर: नव्याने इन्स्टॉल न करता

नमस्कार. आज एकच काम करायचंय, पण पहिल्या कमांडपासून शेवटच्या कमांडपर्यंत.

समोर जे मशीन आहे त्यावर डेबियन १२ चालतं. आत एक टेराबाइटची एकच हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर नेहमीची तीन पार्टिशन आहेत: मशीन सुरू होण्यासाठी छोटं ईएफआयचं, सिस्टिम आणि फायलींसाठी मोठं रूटचं आणि शेवटी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. एका छोट्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली यावरच असतात, सांबा या फाइल-शेअरिंगच्या प्रोग्रॅममधून शेअर केलेल्या. ही डिस्क गेली की ऑफिस बसलं. म्हणून दुसरी एक टेराबाइटची डिस्क आणली आहे. दोन्हींवर सगळं सारखंच लिहिलं जावं, म्हणजे खाली रेड १, हाच तो आरसा. आणि उद्या होमला जागा कमी पडली तर पार्टिशनची कापाकापी नको, म्हणजे वर एलव्हीएम, जागेचे तुकडे नंतर वाढवता येणारी सोय.

सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करणं सोपं आहे, मान्य. डेबियनचा इन्स्टॉलर रेड आणि एलव्हीएम दोन्ही मेनूतून करून देतो. पण ज्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या सेटिंग साठल्या आहेत, ते पुन्हा पहिल्यासारखं उभं करायला किती दिवस जातात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

या सगळ्या कामात एकच जागा अशी आहे जिथून मागे फिरता येत नाही. त्या जागेपर्यंत जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. काहीही चुकलं तरी जुन्या डिस्कवरून मशीन चालू करा, काही झालंच नाही. ती जागा कुठे येते ते मी वेळ आल्यावर सांगेन. तोवर बिनधास्त हात चालवा.

बिनधास्त म्हटलं तरी बॅकअप हवाच, तोही तिसऱ्या डिस्कवर. आरसा हा बॅकअप नाही. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो.

दोन्ही डिस्कची प्रकृतीही आधी बघा. डिस्कचा तब्येतीचा अहवाल दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवा आणि 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' या दोन ओळी वाचा. जुन्या डिस्कवर पेंडिंग, म्हणजे नीट वाचता न येणारे, सेक्टर दिसत असतील तर तिला आरशात घेण्यात अर्थ नाही, दोन नव्या डिस्क घ्या. आणि त्या एकाच दुकानातून, एकाच बॅचच्या घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या डिस्क एकत्रच म्हाताऱ्या होतात.

आता नावांचा घोळ. जुनी डिस्क एसडीए, नवी एसडीबी, असं मी म्हणणार आहे. पण ही नावं कायमची नसतात. केबल बदलली, यूएसबी लावून बूट केलं, की अदलाबदल होऊ शकते. म्हणून प्रत्येक डिस्कवर तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहून ठेवा, आणि कमांड देण्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये सीरियलचा रकाना दाखवायला सांगून खात्री करा.

चालू सिस्टिमवर आधी रेड बनवणारं एमडीएडीएम आणि एलव्हीएमसाठीचं एलव्हीएम२ ही दोन पॅकेज टाकून घ्या, म्हणजे कॉपी करताना तीही सोबत जातील. मग मशीन बंद करा आणि डेबियनच्या लाइव्ह यूएसबीवरून चालू करा. चालू सिस्टिम तशीच कॉपी करता येते, पण फायली बदलत असताना केलेली कॉपी मला पटत नाही, विशेषतः डेटाबेस असेल तर. लाइव्हमध्ये ती दोन पॅकेज नसतील तर तिथेही एप्टने टाका.

नव्या डिस्कवर जीपीटी पद्धतीची तीन पार्टिशन करा. पहिलं ५१२ एमबीचं ईएफआयसाठी, दुसरं १ जीबीचं बूटसाठी, तिसरं उरलेल्या जागेचं. शेवटच्या दोघांचा प्रकार लिनक्स रेड. आणि इथे एक खाच आहे. पाकिटावर दोन्हीकडे '१ टीबी' लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत सारख्या असतीलच असं नाही. आरसा आपण नव्या डिस्कच्या मापाने बनवणार आहोत आणि जुनी नंतर त्यात घालणार आहोत. जुनी थोडी जरी लहान निघाली तर एमडीएडीएम तिला घेतच नाही. म्हणून दोन्हींचा आकार बाइटमध्ये बघा, लहान डिस्कचं माप धरा आणि शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडा.

आता या व्हिडिओचा जीव असलेली कमांड.

(पडद्यावर कमांड, मिसिंग हा शब्द पिवळ्या रंगात)

एमडीएडीएमला सांगायचं: रेडची पातळी १, डिस्क दोन, आणि त्या दोन डिस्कची नावं देताना पहिल्या जागी लिहायचं 'मिसिंग', दुसऱ्या जागी एसडीबी२, म्हणजे नव्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. बस. दोन डिस्कचा आरसा, पण त्यातली एक अजून आलेली नाही, हे त्याला सुरुवातीलाच सांगितलं. तो तक्रार न करता अर्धा आरसा, म्हणजे अर्धा अ‍ॅरे उभा करतो. असंच एसडीबी३ साठी. पहिला झाला एमडी०, दुसरा एमडी१.

मध्येच एक घाबरवणारा प्रश्न येतो: मेटाडेटा (आरशाची स्वतःबद्दलची नोंद) सुरुवातीला आहे, बूटसाठी हे चालेलच असं नाही, पुढे जाऊ का? जा. हा इशारा जुन्या बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. आपल्या बूटलोडरला, ग्रब २ ला, १.२ आवृत्तीचा मेटाडेटा कळतो. ईएफआयचं पार्टिशन मात्र आपण आरशाबाहेर ठेवलंय, कारण मदरबोर्डच्या फर्मवेअरला रेड कळत नाही, त्याला साधं फॅट लागतं.

प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल उघडून बघा. चौकटी कंसात एक अंडरस्कोअर आणि एक यू. अंडरस्कोअर म्हणजे रिकामी खुर्ची, यू म्हणजे हजर डिस्क.

आता एमडी१ वर पीव्हीक्रिएट, मग व्हीजीक्रिएटने व्हॉल्यूम ग्रुप, आणि त्यातून एलव्हीक्रिएटने तुकडे. मी रूटला ४० जीबी, व्हारला ३०, स्वॅपला ८ आणि होमला ५०० देतोय. बाकीची जागा मुद्दाम मोकळी. ज्याला पाहिजे त्याला नंतर वाढवून देता येते, चालू मशीनवर, एका ओळीत. आधीच सगळी वाटून टाकली तर मग एकाची काढून दुसऱ्याला द्यावी लागते. ईएक्सटी४ लहान करायला ते अनमाउंट करावं लागतं आणि एक्सएफएस तर लहान होतच नाही. स्वॅपही आरशावरच घेतलाय, कारण स्वॅप ज्या डिस्कवर आहे तीच गेली तर त्यात ठेवलेले प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतात.

काही जण विचारतील, एलव्हीएमला स्वतःलाच आरसा करता येतो, मग खाली एमडी, म्हणजे एमडीएडीएमचा रेड, कशाला? बरोबर आहे. एलव्हीकन्व्हर्ट वापरून प्रत्येक व्हॉल्यूमचा वेगळा आरसा होतो, आणि आत कर्नेलमधला एमडीचाच कोड चालतो. पण मग नवा व्हॉल्यूम करताना दर वेळी आठवणीने आरसा मागायचा. सहा महिन्यांनी कोणीतरी घाईत विसरणार. छोट्या ऑफिसात मी एमडीच खाली ठेवतो. वर काहीही करा, सगळं दोन्हीकडे जातं.

कॉपीकडे येऊ. जुनं रूट रीड-ओन्ली माउंट करा. नवे व्हॉल्यूम एकावर एक रचून माउंट करा, आधी रूट, मग त्याच्या आत बूट, व्हार, होम. मग आरसिंक, तेही हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट सांभाळणाऱ्या पर्यायांसकट, आणि मालकांचे नंबर जसेच्या तसे ठेवून. नुसतं सीपी वापरलंत तर वरवर सगळं ठीक दिसतं, आणि मग पिंगसारखा प्रोग्रॅम साध्या यूजरला परवानगी नाकारतो. डीडी तर नकोच. डीडीने फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांकही कॉपी होतो, आणि दोन डिस्क एकच ओळख सांगायला लागल्या की कुठली माउंट झाली ते देवालाच माहीत.

कॉपी झाली की सीएचरूट करून नव्या सिस्टिममध्ये शिरायचं. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन बाइंड करून घ्या, आणि नव्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन फॅटमध्ये फॉरमॅट करून बूटखाली माउंट करा. बहुतेकांचं काम अडतं ते इथे, म्हणून सावकाश.

एफएसटॅब, म्हणजे बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी, नव्याने लिहा. ईएफआयच्या ओळीत 'नोफेल' घाला. ते का, ते ऐका. ती ओळ एका विशिष्ट डिस्ककडे बोट दाखवते. उद्या नेमकी तीच डिस्क मेली तर बाकी सगळं आरशावरून चालू होईल, पण सिस्टिम उभी करणारं सिस्टिमडी त्या एका पार्टिशनसाठी दीड मिनिट थांबेल आणि तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये सोडून देईल. एवढा खटाटोप करून एका शब्दासाठी मशीन अडून बसायचं.

मग एमडीएडीएमला डीटेल-स्कॅन विचारून आलेल्या ओळी एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये जोडा. हे राहिलं तर एमडी० आणि एमडी१ ऐवजी एमडी१२७, एमडी१२६ अशी नावं दिसतात. घाबरू नका, एलव्हीएम आणि यूयूआयडीमुळे मशीन तरीही चालू होतं. इनिट-रॅम-एफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या, सेटिंगमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असली तर तीही बघा. तिच्यात जुन्या स्वॅपचा यूयूआयडी राहिला की बूट होताना मशीन काही वेळ उगाच त्याची वाट बघत बसतं. हे सगळं झाल्यावर, आधी नाही, अपडेट-इनिट-रॅम-एफएस चालवा. मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब.

आता मशीन बंद करा आणि जुन्या डिस्कची केबल काढा. बायोसमधून क्रम बदलणं पुरेसं नाही, केबलच काढा. ती डिस्क जागेवर असेल तर एखादी विसरलेली ओळ गुपचूप तिच्याकडून काम भागवून घेते आणि तुम्हाला कळत नाही.

चालू झालं नाही आणि काळ्या पडद्यावर 'इनिट-रॅम-एफएस' असा प्रॉम्प्ट आला, तर तिथेच एमडीएडीएमला असेंबल-स्कॅन सांगा, एलव्हीएमला व्हीजीचेंजने व्हॉल्यूम जागे करायला सांगा आणि एक्झिट. बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. मग आत जाऊन कॉन्फ फाइल नीट करून इनिट-रॅम-एफएस पुन्हा बनवा.

चालू झालं की लगेच पुढे पळू नका. नव्या घरात पाणी येतंय, गॅस पेटतोय, दिवे लागतायत हे बघेपर्यंत जुन्या घराची किल्ली कोणी परत करत नाही. ऑफिसला आठवडाभर त्या अर्ध्या आरशावर काम करू द्या. प्रिंट निघतेय, शेअर उघडतायत, रात्रीचा बॅकअप होतोय, सगळं बघा. जुनी डिस्क कपाटात.

आता ती मागे न फिरण्याची जागा. जुनी डिस्क पुन्हा जोडा, मशीन चालू करा, आणि सगळ्यात आधी फाइंडएमएनटीला विचारा की रूट कुठून आलंय. फर्मवेअरने जुन्याच डिस्कवरून बूट केलेलं असू शकतं, दिसायला अगदी तसंच असतं. उत्तरात व्हॉल्यूम ग्रुपचं नाव दिसलं तरच पुढे.

एसजीडिस्कच्या रेप्लिकेटने नव्या डिस्कचा पार्टिशनचा नकाशा जुनीवर उतरवायचा. या कमांडची मांडणी उलटी आहे: रेप्लिकेटला चिकटून येते ती ज्यावर लिहायचं ती डिस्क, आणि शेवटी येते ती ज्यावरून वाचायचं ती. उलटं लिहिलंत तर चालत्या डिस्कचा नकाशा जातो. दोनदा वाचा, सीरियल नंबर जुळवा, मग एंटर. त्यानंतर नव्या जीयूआयडी (डिस्क आणि पार्टिशनचे ओळख क्रमांक) द्या, वाइपएफएसने जुन्या खुणा पुसा, आणि एमडीएडीएमच्या अ‍ॅडने एसडीए२ आणि एसडीए३ आपापल्या अ‍ॅरेत घाला.

एमडीस्टॅटमध्ये टक्के सरकायला लागतील. सेकंदाला १५० एमबी धरले तर एका टेराबाइटला दोन तासांच्या आसपास, चार टेराबाइटला सात-साडेसात. आणि हार्ड डिस्कच्या आतल्या भागात वेग उतरतो, म्हणून थोडं जास्तच धरा. काम चालू ठेवता येतं. मशीनला यूपीएस मात्र असू द्या, आपल्याकडची वीज सगळ्यांना माहीत आहे.

दोन यू दिसले की जुन्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन फॅटमध्ये फॉरमॅट करा, पहिल्यातल्या फायली त्यात कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआरने दुसरी बूट नोंद घाला. हे राहिलं तर डेटा दोन्हीकडे असेल आणि मशीन एकाच डिस्कवरून उठेल.

मग परीक्षा. बंद करा, या वेळी नव्या डिस्कची केबल काढा, चालू करा. उठलं? बंद करून केबल लावा. ती डिस्क आपोआप आरशात परत येत नाही, री-अ‍ॅड म्हणावं लागतं. मोठ्या अ‍ॅरेला बिटमॅप, म्हणजे कुठे बदल झाला याची खूण, असतो, म्हणून या वेळी दोन तास लागत नाहीत. मधल्या काळात जेवढं बदललं तेवढंच कॉपी होतं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी राहून गेलेलं असतं. डिस्क मेली तरी आरसा मुकाट्याने चालत राहतो, आणि ऑफिसात कोणाला पत्ता नसतो. कॉन्फ फाइलमध्ये मेलअ‍ॅड्रच्या ओळीत रोज उघडला जाणारा मेल पत्ता लिहा, मशीनवरून मेल बाहेर जाईल अशी सोय करा, आणि एमडीएडीएम मॉनिटर टेस्ट पर्यायासह एकदा चालवा. प्रत्येक अ‍ॅरेमागे एक चाचणी मेल यायला हवा. इथे दोन अ‍ॅरे आहेत, म्हणजे दोन मेल. एकही दिसला नाही तर आधी स्पॅम उघडून बघा.